बाहेरचा दिवा

आमच्या घरात आणि गोठ्यात मिळून चौदा दिवे आहेत. त्यातल्या तेरा दिव्यांनी आजवर कोणाचं काही वाकडं केलं नाही. जे काही झालं ते चौदाव्यानं केलं. हा चौदावा दिवा घराबाहेर, गोठ्याच्या कोपऱ्यावर आहे. घरात मुळात जी फिटिंग होती, तिला एक जोड देऊन मी तो लावला. काम म्हणाल तर अर्ध्या तासाचं. पण त्या अर्ध्या तासाच्या कामानं मला साठीच्या उंबऱ्यावर असा एक प्रश्न घातला, की तो अजून डोक्यातून जात नाही. आपण आपल्या घरात, आपल्या पैशानं, आपल्या सोयीसाठी एखादी गोष्ट केली, तर तिची जबाबदारी आपल्यावर कुठवर?

आधी थोडं मागचं सांगतो.

माझ्या लहानपणी मळ्यात वीज नव्हती. घरात दोन चिमण्या आणि एक कंदील. दिवेलागणीला आई चिमण्यांच्या काचा राखेनं पुसायची, तुळशीपुढं पणती ठेवायची आणि कंदील ओट्यावरच्या खुंटीला अडकवायची. घरात अंधार असला तरी चालेल, पण कंदील बाहेर. कारण वडील किंवा चुलते रानात असायचे, मोटेवरून नाहीतर बाजारावरून यायचे असायचे. पायवाटेनं येणाऱ्याला लांबून घर दिसलं पाहिजे. कोणी परका वाटसरू असला तरी तो त्या उजेडाच्या रोखानं येऊन पाणी मागायचा. शेवटचं माणूस घरात आलं की आई कंदील आत घ्यायची आणि वात बारीक करायची. म्हणजे बाहेरचा दिवा हा येणाऱ्यासाठी असायचा. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतं, कारण आता मी बाहेर जो दिवा लावलाय तो कोणी येऊ नये म्हणून.

१९८६ साली आमच्या मळ्यात वीज आली. मी दहावी होऊन नऊ वर्षं झाली होती आणि पुरता शेतकरी झालो होतो. तालुक्याच्या गावाहून एक फिटिंगवाला आला. त्यानं भिंतीवर लाकडी पट्ट्या ठोकल्या, त्यावर वायर पत्र्याच्या क्लिपांनी बसवली, चिनी मातीचे दोन किटकॅट लावले आणि पाच दिवे, एक प्लगपिन करून दिली. साठ वॅटचा पिवळा बल्ब पहिल्यांदा लागला तेव्हा आई त्याला हात जोडून म्हणाली, "आता काचा पुसायला नको." तेवढंच.

पुढं त्या पाच दिव्यांच्या फिटिंगला आम्ही किती जोडी दिल्या याचा हिशेब नाही. आधी पंखा आला, मग टीव्ही, मग मिक्सर, फ्रिज, गोठ्यात दोन दिवे, कुट्टीची मशीन. प्रत्येक वेळी जवळच्या बोर्डातून वायर ओढायची, पीळ द्यायचा, काळी टेप गुंडाळायची. फ्यूज सारखा जायला लागला तर किटकॅटमध्ये बारीक तारेऐवजी जाड तार पिळायची. ही युक्ती मला कोणी शिकवली आठवत नाही, पण खेड्यात ती सगळ्यांना येते. फ्यूज जातो म्हणजे तो काहीतरी सांगतोय, हे ऐकायची आपली तयारी नसते. आपल्याला त्याचं तोंड बंद करायचं असतं.

आमचा भाग जुन्नर तालुक्याचा. माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, येडगाव ही धरणं झाली, कालव्याला पाणी आलं आणि बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. ऊस आला त्याच्यामागं बिबट्या आला. वर्षभर हिरवं दाट रान, आत गारवा, जवळ पाणी, आणि वस्त्यांवर कुत्री-शेळ्या. बिबट्याच्या माद्या उसातच विते झाल्या. त्यांच्या पिल्लांना डोंगर ठाऊकच नाही, त्यांचं माहेर ऊसच. २००१ ते २००३ या काळात आमच्या तालुक्यात बिबट्यानं माणसांवर बरेच हल्ले केले. तेव्हापासून संध्याकाळ झाली की आमच्याकडं आया पोरांना नावानं हाका मारतात, त्या हाकेचा सूर वेगळा असतो.

२०१८ च्या मे महिन्यात आमचं कुत्रं गेलं. सकाळी अंगणात पट्टा आणि दोन हात ओढल्याची खूण, बस्स. गोठ्यात तीन गाई, एक कालवड, चार शेळ्या. माझी झोप उडाली. वनखात्याची माणसं गावात येऊन सांगून गेलेली होतीच, की घराभोवती उजेड ठेवा, गोठा बंदिस्त करा, पोरांना एकटं सोडू नका. गोठ्याला जाळी करायची तर पन्नास हजाराच्या पुढं खर्च. दिवा सातशे रुपयात. मी दिवा आणला.

पन्नास वॅटचा एलईडी फोकस. दुकानदार म्हणाला होता, "तात्या, वायर तीन कोअरची घ्या, अर्थिंग लागतं याला." मी म्हणालो, "गोठ्यात दोन दिवे बिगर अर्थिंगचे वीस वर्षं चालल्यात." आणि घरात पडून असलेली दोन कोअरची वायर वापरली. गोठ्यातल्या बोर्डातून जोड घेतली, वायर अँगलवरून वर नेली, पत्र्याच्या कडेवरून बाहेर काढली आणि फोकसला जोडली. फोकसाच्या बुडातून तिसरी हिरवी वायर लोंबत होती. तिला कुठं जोडायचं ते नव्हतंच, म्हणून मी ती गुंडाळून टेप मारून टाकली. रात्री दिवा लावला. सगळं अंगण, गोठ्यामागचा उकिरडा, बांधापर्यंतचं रान दिवसासारखं झालं. त्या रात्री मी निवांत झोपलो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस सुरू झाला. एका संध्याकाळी धार काढून आल्यावर आमची मंडळी म्हणाली, "आवं, गोठ्याच्या खांबाला हात लागला की झिणझिण्या येत्यात." मी हातपाय धूत होतो. म्हणालो, "हवा ढगाळ हाय. व्हतं असं."

हवा ढगाळ आहे, होतं असं. हे पाच शब्द मी नंतर किती वेळा मनात उलटून पाहिले असतील. ढगाळ हवेनं लोखंडाला झिणझिण्या येत नाहीत हे मला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. दहावीपर्यंत शिकलेल्या माणसाला तेवढं कळतं. पण ते मानलं असतं तर त्या पावसात शिडी लावून वर चढावं लागलं असतं. माणूस खोटं बोलतो ते नेहमी दुसऱ्याशीच बोलतो असं नाही. बहुतेक वेळा स्वतःशी बोलतो, आणि बायकोला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठलो तेव्हा उजाडत होतं. फोकसचं बटण बंद केलं. पाऊस धरून होता. गोठ्यात गेलो तर चांदी आडवी. दुसऱ्या वेताची गाय, दोन वेळचं मिळून बारा लिटर दूध. गव्हाणीच्या लोखंडी पाइपाला तिची साखळी, पाय ताठ, तोंडाला फेस. मी तिच्या गळ्याला हात घालायला वाकलो आणि साखळीला बोट लागताच झटका बसून मागं पडलो. पायात रबरी चप्पल होती म्हणून हे लिहायला उरलो. तरी दिवा विझलेला होता, बटण बंद होतं. ओरडून मंडळीला बाहेरच थांबवलं. रोज पहाटे गोठ्यात पहिली तीच जाते. त्या दिवशी नळाला पाणी लवकर आलं म्हणून ती हंडे भरत राहिली होती.

माणसं जमली. मेन बंद केला. गाय गेलीच होती. आता खरी गोष्ट पुढं आहे.

जमलेल्यांतला एकजण जाणता, कामं करून देणारा. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "तात्या, खांबावरून मीटरपर्यंतची वायर कंपनीची असती. तिच्यात दोष हाय म्हणून सांगा. पंचनामा करू. भरपाई मिळंल." मी काही बोललो नाही. त्यानं माझ्यासमोर वायरमनला फोन लावला आणि सांगितलं, "तुमच्या सर्विस वायरनं तात्यांची गाय मारली." मी तेव्हाही काही बोललो नाही. मी हो म्हणालो नाही, हे खरं. पण नाही म्हणालो नाही, हे जास्त खरं.

तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं ते लिहितो. गाय बिबट्यानं मारली असती तर वनखात्यानं पैसे दिले असते. कंपनीच्या तारेनं मेली तर कंपनीनं दिले असते. माझ्या वायरनं मेली तर कोण देणार? नुकसान झालं की माणूस आधी चूक कोणाची ते शोधत नाही, भरपाई कोण देईल ते शोधतो. आणि जो देईल त्याचीच चूक होती असं मग हळूहळू त्याला खरोखर वाटायला लागतं. अकरा वाजेपर्यंत मला जवळजवळ वाटायला लागलं होतं, की सर्विस वायर जुनीच आहे, तिच्यातच दोष असणार.

अकरा वाजता वायरमन भिजत मोटारसायकलवर आला. तिशीतलं पोरगं. आधी खांब पाहिला, सर्विस वायर पाहिली, मीटर पाहिला. मग काही न बोलता गोठ्यात गेला. किटकॅट काढून त्यातली जाड तार पाहिली. मग सगळ्यांना बाहेर काढून मेन चालू केला आणि फोकसचं बटण बंद असताना फोकसच्या वायरीला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. मेन पुन्हा बंद करून शिडीवर चढला. पत्र्याच्या कडेला वायर वाऱ्यानं हलून हलून घासली होती आणि आतलं तांबं उघडं पडून पत्र्याला टेकलं होतं. तो खाली उतरला आणि चार माणसांत विचारलं, "ही जोड कोणी केली?"

कोणी बोलेना. जाणता माझ्याकडं बघत होता. मी म्हणालो, "मीच."

एवढाच एक शब्द त्या दिवशी मी बरा बोललो. पण तोही विचारल्यावर बोललो, आपणहून नाही. वायरमननं टेस्टर पुसून खिशात ठेवला, एक मोठा श्वास सोडला आणि म्हणाला, "तात्या, आता चहा टाकायला सांगा." तेव्हा मला कळलं की सकाळच्या फोनपासून अकरापर्यंतचे तास त्या पोरानं कसे काढले असतील. माझ्या गप्प बसण्याचा झटका त्याला बसत होता. तोही न दिसणाराच.

चहा पिता पिता त्यानं कॅलेंडरच्या मागच्या बाजूला चित्र काढून मला समजावलं. बटण नेहमी फेजवर पाहिजे. मी ते न्यूट्रलवर घेतलं होतं. बटण न्यूट्रलवर असलं तरी दिवा लागतो आणि विझतो, बघणाऱ्याला फरक कळत नाही. पण बटण बंद केलं तरी फेज दिव्यापर्यंत जाऊन उभीच असते. म्हणजे दिवा विझला होता, वायर जिवंत होती. दुसरी गोष्ट, फ्यूज हा वायर जळू नये म्हणून असतो, माणूस मरू नये म्हणून नाही. जीव जायला लागणारा करंट इतका थोडा असतो, की फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी वेगळा स्विच मिळतो, आरसीसीबी म्हणतात. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यात तीस मिलिअँपिअरचा फरक पडला की तो लगेच तुटतो. तिसरी गोष्ट, ती हिरवी वायर. फोकसाच्या अंगात करंट उतरला तर त्याला जमिनीत जायला वाट पाहिजे, ती वाट म्हणजे अर्थिंग. आणि नुसता फोकसच नाही, गोठ्याचं सगळं लोखंडही त्या अर्थिंगला बांधलेलं पाहिजे. "वाट नाही दिली की तो आपली आपण शोधतो," तो म्हणाला. "तुमच्या गाईतून गेला." गुरं चार पायांवर, ओल्या जमिनीवर, बिगर चपलेची. आपल्याला जिथं झिणझिण्या येतात तिथं ती मरतात.

जुलैत मी सगळं काम परवानाधारक माणसाकडून नीट करून घेतलं. लाकडी पट्ट्या निघाल्या. गोठ्यासाठी बोर्डातून स्वतंत्र वायर, तांब्याची, दीड स्क्वेअर एमएमची, तीन कोअर, सगळी पाइपातून. जोड म्हणून जिथं आहे तिथं बंद डबी. फोकसमध्ये वायर शिरते तिथं खाली झोळ ठेवला, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून आत न जाता झोळातून खाली गळतं. बाहेर खड्डा घेऊन कोळसा-मीठ घालून अर्थिंग केलं, गोठ्याचं सगळं लोखंड त्याला बांधलं. मेनजवळ आरसीसीबी बसवला. त्याच्यावर एक छोटं बटण आहे, महिन्यातून एकदा दाबून तो तुटतो का ते बघायचं असतं. दर अमावास्येला आमची मंडळी ते दाबते. दिवा सातशेचा, बाकी काम साडेनऊ हजाराचं. त्याच साडेनऊ हजारासाठी मी मे महिन्यात हात आखडला होता.

मला वाटलं, आता झालं. दिवा नीट लागला, कोणाला झटका नाही, आता माझी जबाबदारी संपली. पण बाहेरचा दिवा एवढ्यावर ऐकत नाही.

सप्टेंबरच्या शेवटी थोरला चुलत भाऊ, ज्याला आम्ही आबा म्हणतो, बांधावर येऊन उभा राहिला. "तात्या, जरा हिकडं ये. माझं सोयाबीन बघ." त्याचं सगळं रान पिवळं पडून पानं गळायला लागली होती, शेंगा वाळत होत्या. आणि आमच्या गोठ्याच्या समोरचा एक तुकडा, पंख्याच्या आकाराचा, हिरवागार. जणू कोणी दोरी धरून आखून दिलेला. "ह्यो तुझ्या दिव्यानं केलाय," आबा म्हणाला. मी हसलो. आबा हसला नाही.

बांधावरून भांडणं मी पुष्कळ पाहिली. बांध कोरण्यावरून, पाण्याच्या पाटावरून, बांधावरच्या लिंबाच्या सावलीखाली पीक येत नाही यावरून. सावली माझ्या रानात आली म्हणून भावाभावांनी वर्षानुवर्षं बोलणं टाकलेलं मला ठाऊक आहे. पण उजेड माझ्या रानात आला म्हणून झालेलं हे पहिलंच भांडण. मी म्हणालो, "आबा, उजेड काय वाईट असतो व्हय?" तो म्हणाला, "तुला नसंल. माझी मळणी थांबलीया त्या तुकड्यापायी."

कृषी सहायकाला विचारलं तर आबा खरा निघाला. सोयाबीन रात्र मोजतं. रात्र मोठी व्हायला लागली की त्याला कळतं, आता पावसाळा संपत आला, आता फुलं धरून पिकायला पाहिजे. रात्रभर उजेड पडला तर रात्र झालीच नाही असं त्याला वाटतं आणि ते वाढतच राहतं. शेवंतीवाले हेच मुद्दाम करतात. रात्री प्लॉटवर बल्ब लावून फूल लांबवतात, म्हणजे पाहिजे तेव्हा काढता येतं. त्यांना जे हवं असतं तेच आबाला नको होतं.

मी बरेच दिवस विचार करत होतो. वायरीच्या वेळी माझी चूक होती, हलगर्जी होती. आता तर मी सगळं नियमानं केलं होतं. वीज माझी, बिल माझं. पन्नास वॅट, रात्रीचे अकरा तास, महिन्याला साडेसोळा युनिट मी भरतोय. दिवा माझ्या भिंतीवर. तरी आबाचं नुकसान झालंच. म्हणजे हलगर्जी नसली, हेतू वाईट नसला, कायदा मोडला नसला, तरी आपलं केलेलं दुसऱ्याच्या रानात जाऊन पडू शकतं. तिथं चूक हा शब्द लागत नाही. पण देणं लागतं. चूक आणि देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या हिरव्या तुकड्यानं शिकवलं. चूक नाही म्हणून देणं नाही, असं म्हणायची आपल्याला सवय आहे.

मी आबाचा तो तुकडा मागून स्वतःच्या माणसांकडून काढून दिला आणि फोकस खाली वळवला. फक्त अंगण आणि गोठा दिसेल एवढा.

नोव्हेंबरात ऊसतोड टोळी आली. बीडकडची माणसं. शेजारच्या पडीक रानात त्यांनी कोप्या घातल्या. बांबू, पाचट, वरून प्लास्टिक. आत लेकरं, बाहेर बैल. तिसऱ्या दिवशी एक बाई वाढ्याचा भारा घेऊन आली आणि म्हणाली, "मालक, एक वायर द्या की बलपापुरती. काय पैसे व्हतील ते घ्या." मी नाही म्हणालो. आपल्या मीटरवरून दुसऱ्याला वीज देता येत नाही, हा नियम. पण खरं कारण चांदी. पाचटाच्या कोपीत, दवात भिजलेल्या बांबूवर लोंबणारी वायर माझ्या डोळ्यापुढं आली. मी तसं तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग वर बघून म्हणाली, "मग तेवढा दिवा तरी इकडं फिरवा. आम्ही चारला फडात जातो. लेकरं एकटी निजल्याली असत्यात."

मला एकदम एक गोष्ट कळली. बिबट्या माझ्या उजेडाला भिऊन देश सोडून जात नाही. तो फक्त अंधारातल्या घराकडं जातो. माझ्या अंगणात उजेड केला म्हणजे मी बिबट्याला घालवलं नाही, पुढं पाठवलं. विद्या अत्रेय यांनी आमच्याच भागात बिबट्यांचा अभ्यास केला. त्यात हेच दिसलं, की एकीकडं पकडलेला बिबट्या नेऊन दुसरीकडं सोडला तर तिकडं माणसांवर हल्ले वाढतात. जे सरकारचं झालं तेच माझं. फरक एवढाच, की मी पिंजऱ्याऐवजी दिव्यानं त्याला पुढं सारत होतो. आणि पुढं कोण? ज्याच्याकडं मीटर नाही तो.

मी शिडी मागितली. पोरगा आडवा आला. "दादा, तिकडं उजेड केला तर गोठ्यामागं अंधार पडतोय. बिबट्या आपल्याकडं आला तर?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. दिवा एकच, एका वेळी एकाच बाजूला बघणार. मी त्याला म्हणालो, "आपल्याला जाळी करता येती. त्यांना कोपीला जाळी करता येत न्हाय." दोघं मिळून जवळच्या पतपेढीत गेलो आणि जे काम मे महिन्यात महाग वाटलं होतं ते कर्ज काढून केलं. गोठ्याला चारी बाजूंनी जाळी, वरपर्यंत. मग फोकस कोप्यांकडं वळवला. आबाचं रान तेव्हा रिकामं होतं, त्याला विचारलं तर म्हणाला, "खुशाल फिरव. आता काय हाय माझं तिथं हिरवं राहायला."

एक गोष्ट मी तेव्हा कोणाला सांगितली नाही. डिसेंबरात एका सकाळी गोठ्यामागं, जाळीला लागून, ओल्या मातीत ठसे होते. तो येऊन गेला होता, अंधाराच्या बाजूनं, पोरगा म्हणाला होता तसाच. मी पायानं माती सारली. मंडळी घाबरली असती, आणि पोरानं फोकस परत फिरवला असता. हे लपवणं बरोबर होतं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. झिणझिण्यांच्या वेळी मी बायकोचं ऐकलं नव्हतं, या वेळी तिला सांगितलंच नाही. म्हणजे शहाणपण आलं म्हणावं तर पुरतं आलेलं नाही.

पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला निदान माझ्यापुरतं सापडलंय. आपल्या कामाची जबाबदारी आपल्या भिंतीपर्यंत नसते, मीटरपर्यंत नसते, बांधापर्यंत नसते. ते काम जिथवर पोहोचतं तिथवर असते. काही पोहोचलेलं दिसतं, जसा उजेड. काही दिसत नाही, जसा पत्र्यात उतरलेला करंट, किंवा एका वायरमनच्या पोटातला गोळा. दिसत नाही तेव्हा कोणीतरी आपल्याला सांगत असतं. बायको सांगते, भाऊ बांधावर येऊन सांगतो, परक्या गावची बाई भारा डोक्यावर ठेवून सांगते. तेव्हा हवा ढगाळ आहे असं म्हणायचं नाही, एवढंच.

फोकस अजून तोच आहे. पेरणी झाली की तो खाली बघतो, दिवाळीनंतर टोळी आली की कोप्यांकडं. वर्षातून दोनदा शिडी लागते. नट वळवायला लागणारा बारा-तेराचा पाना मी बोर्डाशेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवलाय, म्हणजे मी नसलो तरी पोराला सापडावा. त्याच्या शेजारी आईची ती कंदिलाची खुंटी आहे. तिच्यावर आता काही नसतं. फक्त टोळीतली माणसं पहाटे चारला फडाकडं जाताना आमच्या अंगणाच्या कडेनं जातात, आणि त्यांच्यातलं कोणीतरी रोज हाक देतं, "जातो, मालक." मी जागा असतो.